मेल कधी पोचतो, कधी परत येतो: स्वतःच्या मेल सर्व्हरची तपासणी, स्वस्तातून महागाकडे

लक्षणे आधी पाहू. खालच्यापैकी दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढचं सगळं कामाचं आहे.

- त्याच पत्त्यावर पाठवलेला मेल सकाळी पोचतो आणि दुपारी परत येतो.
- जीमेल नाकारतं, बाकीचे घेतात. किंवा नेमकं उलट.
- चार ओळींचा मेल क्षणात जातो, पीडीएफ जोडला की तासन्‌तास रांगेत अडकतो.
- समोरच्याला एकच मेल तीन-तीन वेळा मिळतो.
- परत आलेल्या मेलमध्ये ५५० आणि त्यापुढे ५.७.१, ५.७.२५ किंवा ५.७.२६ असे आकडे असतात.
- मुख्य लिंक (इंटरनेट जोडणी) पडली होती त्या तासाभरात पाठवलेलेच मेल परत आले.
- ठरावीक चार-दोन डोमेनांकडे जोडणीच होत नाही, बाकी जग व्यवस्थित.

स्वतःचा मेल सर्व्हर सांभाळणारी पतसंस्था असो, महाविद्यालय असो की तालुक्याचा इंटरनेट पुरवठादार, तक्रारीसोबत एक वाक्य ठरलेलं असतं: "आम्ही काहीच बदललं नाही." ते बहुधा खरंही असतं. सर्व्हरवर काही बदललेलं नसतं, मेल बाहेर पडण्याची वाट बदललेली असते. म्हणून सारखी पालटणारी तक्रार आली की पहिला प्रश्न "सेटिंग काय आहे" हा नको. "हा मेल कोणत्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कोणत्या आकडी पत्त्यावरून, बाहेर पडला" हा हवा. सगळा क्रम त्याभोवतीच लावला आहे.

१. परत आलेला मेल शेवटपर्यंत वाचा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. तरीही ही पायरी सर्रास गाळली जाते, कारण तक्रार करणारा स्क्रीनशॉट पाठवतो आणि त्यात नेमकी कामाची ओळ कापलेली असते. पूर्ण मजकूर मागून घ्या, नाहीतर सर्व्हरच्या लॉगमधून काढा.

पहिला अंक ४ असेल तर नकार तात्पुरता आहे. तुमचा सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स हा प्रचलित मेल सर्व्हर मूळ सेटिंगवर ५ दिवस प्रयत्न करत राहतो. ४५० किंवा ४५१ येऊन काही मिनिटांनी मेल गेला असेल तर ती ग्रेलिस्टिंग आहे. अनोळखी सर्व्हरला एकदा परत पाठवून तो पुन्हा येतो का हे पाहण्याची ती पद्धत. तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, हात लावू नका. जीमेलकडून ४२१ आणि ४.७ ने सुरू होणारा आकडा आला तर वेग किंवा प्रतिष्ठेची अडचण आहे; रांग जबरदस्तीने रिकामी करण्याचा आदेश वारंवार दिलात तर ती वाढते.

पहिला अंक ५ म्हणजे कायमचा नकार. तिथे पुढचा तीन भागांचा आकडा बोलतो. ५.७.२५ म्हणजे आयपीची उलट नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर, जुळत नाही. ५.७.२३ म्हणजे एसपीएफ (डोमेनचा मेल कोणत्या आयपींवरून यावा ते सांगणारी नोंद) फसला. जीमेलकडून ५.७.२६ म्हणजे मेलची ओळख पटली नाही, एसपीएफ आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) दोन्ही उपयोगी पडले नाहीत. आउटलुककडून ५.७.५१५ आलं तर मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी मे २०२५ पासून लागू झालेल्या अटी तुम्ही पाळत नाही आहात. ५.७.१ मात्र गोधडीसारखा आहे, त्याखाली काहीही असू शकतं. तिथे आकड्यापेक्षा पुढचं वाक्य वाचा.

एक वेगळी जात देवनागरी पत्त्यांची. 'डॉट भारत' डोमेन २०१४ पासून मिळतं, पण देवनागरी पत्त्यावर मेल जायला वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८ हा विस्तार यावा लागतो. समोरच्याला तो येत नसेल तर ५.६.७ येतं. पोस्टफिक्सला तो ३.० आवृत्तीपासून येतो. तुमच्या बाजूने सगळं बरोबर असेल तर त्या माणसाचा रोमन लिपीतला पत्ता मागण्याखेरीज इलाज नाही.

आकडाच नाही, नुसतं 'वेळ संपली' असं लिहिलं आहे? मग एसपीएफ-डीकेआयएमच्या मागे लागू नका, थेट सातव्या पायरीवर जा. ओळख तपासण्याआधी पॅकेट (डेटाचा तुकडा) पोचावं लागतं.

२. मेल कोणत्या आयपीवरून बाहेर पडतो ते डोळ्यांनी पाहा

सगळ्यांत जास्त उत्तरं इथेच सापडतात. तुमच्या सर्व्हरवरून एका जीमेल खात्यावर मेल पाठवा, तिथे 'मूळ मजकूर दाखवा' हा पर्याय उघडा आणि वरून खाली येताना 'रिसीव्हड' च्या ओळी वाचा. ज्या ओळीत गूगलच्या सर्व्हरने तुमच्या सर्व्हरकडून मेल घेतला, तिथे कंसात आयपी दिसतो. तो लिहून ठेवा. हेच तीन वेळा करा: एरवी, गर्दीच्या वेळी, आणि मुख्य लिंकची वायर काढून. गाभा हा तिसराच प्रयोग आहे. तो कार्यालय सुटल्यावर करा.

दोन लिंक असलेल्या जागी राउटरवर बहुतेकदा मास्करेडचा एकच नियम असतो. मास्करेडचं काम सोपं आहे: पॅकेट ज्या दारातून बाहेर पडेल त्या दाराचा पत्ता त्यावर चिकटवायचा. ब्राउझिंगला ते चालतं. मेलला चालत नाही, कारण दुसऱ्या लिंकचा आयपी तुमच्या एसपीएफमध्ये नसतो, त्याची उलट नोंद पुरवठादाराच्या साच्यातली असते आणि समोरच्याला तो घरगुती जोडणीसारखा दिसतो. मायक्रोटिकच्या राउटरवर दोन लिंकांत भार वाटून दिला असेल तर लिंक पडायचीही गरज नाही. एक जोडणी या दारातून, पुढची त्या दारातून. सकाळी पोचला, दुपारी परत आला, याचा अर्थ हाच.

इलाज दोन. पहिला, मेल सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावरून बाहेरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टकडे (सर्व्हरांनी एकमेकांना मेल द्यायचं पोर्ट) जाणारी वाहतूक कायम पहिल्याच लिंकवर बांधून टाका. लिंक पडली तर मेल रांगेत थांबेल, लिंक आली की जाईल. मेल तासभर उशिरा पोचणं हे परत येण्यापेक्षा कधीही बरं. दुसरा, दोन्ही आयपी नीट तयार करा: दोन्हींची उलट नोंद, दोन्ही एसपीएफमध्ये, आणि सर्व्हरच्या नावापुढे दोन्ही पत्ते. दुसरा इलाज दिसायला रुबाबदार आहे, पण दुसरी लिंक साध्या ब्रॉडबँडची असेल तर पुरवठादार तिची उलट नोंद बदलून देत नाही. मग पहिलाच घ्या.

काही जण यावर शक्कल काढतात: दुसऱ्या लिंकवरूनही पहिल्या लिंकचाच आयपी लावून पॅकेट सोडतात. हे चालू नये अशीच व्यवस्था असते. बीसीपी ३८ (खोट्या पत्त्याची पॅकेटं रोखण्याची शिफारस) पाळणारा पुरवठादार आपल्या ग्राहकाकडून आलेल्या पॅकेटवर परका पत्ता दिसला की ते टाकून देतो. पाळत नसेल तरी उत्तराचं पॅकेट पहिल्या लिंकवर येणार, आणि ती तर पडलेली आहे.

'रिसीव्हड' च्या ओळीत चार आकड्यांऐवजी विसर्ग चिन्हांसारख्या टिंबांनी तोडलेला लांबलचक पत्ता दिसला तर मेल आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पिढीवरून, गेला. पुरवठादाराने गाजावाजा न करता आयपीव्ही६ सुरू केलं की 'काहीच न बदलता' मेल परत येऊ लागतात ते यामुळे. आयपीव्ही६ वर उलट नोंद नसलेल्या सर्व्हरचा मेल जीमेल घेत नाही. उलट नोंद करून मिळेपर्यंत पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा. एका ओळीची सेटिंग आहे, पण नुसतं 'रीलोड' पुरत नाही, पोस्टफिक्स बंद करून पुन्हा सुरू करा.

राउटरच्या बाहेरच्या दाराचा पत्ताच १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. बाहेरचा आयपी शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेला आहे. इथून थेट मेल पाठवायचा विचार सोडा. स्थिर आयपी विकत घ्या, नाहीतर ५८७ पोर्टवर लॉगिन करून तुमचा मेल पुढे पोचवणाऱ्या एखाद्या रिले सेवेमार्फत पाठवा.

३. उलट नोंद, आणि सर्व्हर स्वतःचं नाव काय सांगतो

मागच्या पायरीत सापडलेल्या प्रत्येक आयपीसाठी डीएनएस, म्हणजे नावं आणि आयपींच्या नोंदी, विचारणाऱ्या 'डिग' आदेशाला 'उणे एक्स' पर्याय देऊन विचारा. येणारं नाव पुन्हा सरळ विचारा. सरळ उत्तरात तोच आयपी परत आला पाहिजे. दोन्ही बाजूंनी हे जुळणं समोरचे सर्व्हर तपासतात, कारण खोटी उलट नोंद कुणीही लिहील, पण दुसऱ्याच्या डोमेनमध्ये सरळ नोंद घालू शकणार नाही.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे पीटीआर नोंद स्वतःच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये टाकणं. तिथे टाकलेली नोंद कुणी विचारायलाच येत नाही. उलट क्षेत्राची मालकी आयपी ज्याचा त्याच्याकडे असते, म्हणजे लिंक देणाऱ्या पुरवठादाराकडे. /२४ पेक्षा (२५६ पत्त्यांपेक्षा) लहान तुकडा असेल तर पुरवठादार एकतर स्वतःच नोंद घालतो किंवा १९९८ च्या आरएफसी २३१७ या तांत्रिक दस्तऐवजातल्या युक्तीने तुमच्या नेमसर्व्हरकडे (डोमेनच्या नोंदी सांगणाऱ्या सर्व्हरकडे) वळवतो. छोट्या पुरवठादारांना ही युक्ती समजावत बसण्यापेक्षा आयपी आणि हवं ते नाव असं एका ओळीत लिहून 'एवढी नोंद घाला' म्हणणं जलद पडतं.

सर्व्हर जोडणीच्या सुरुवातीला 'हेलो' म्हणून जे नाव सांगतो तेही पाहा. नवी मशीन उभारली की 'लोकलहोस्ट डॉट लोकलडोमेन' तसंच राहतं आणि काही ठिकाणी तेवढ्यावर दार बंद होतं. नाव पूर्ण हवं, सरळ विचारल्यावर सापडणारं हवं, आणि जमलं तर पीटीआरमधलंच हवं.

४. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क

जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्या पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक आणि दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क (ओळख न पटलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारं धोरण), सक्तीचं केलं. संख्या कमी असली तरी दोन्ही लावून ठेवा. मेल दुसऱ्या खात्यावर पुढे ढकलला गेला की एसपीएफ तुटतो, कारण आयपी मधल्या सर्व्हरचा दिसतो. डीकेआयएमची सही मात्र टिकते.

एसपीएफमध्ये नोंद एकच असावी. नवी सेवा घेतली की तिच्या सूचनेप्रमाणे दुसरी नोंद जोडली जाते, आणि दोन नोंदी असणं म्हणजे कायमची चूक, दोन्ही निकामी. दुसरी मर्यादा १० डीएनएस चौकश्यांची. 'इन्क्लूड', 'ए', 'एमएक्स', 'रीडायरेक्ट', 'एक्झिस्ट्स', 'पीटीआर' या सगळ्या मोजल्या जातात, आणि 'इन्क्लूड' च्या पोटातल्याही. सरळ लिहिलेले आयपी मोजले जात नाहीत. फसवं काय, तर दुसऱ्याच्या 'इन्क्लूड' च्या आत त्याने एक भर घातली की तुमची मोजणी ११ होते. तुम्ही खरंच काही बदललेलं नसतं! वापरात नसलेल्या सेवा काढा, स्वतःच्या सर्व्हरसाठी 'ए' आणि 'एमएक्स' ऐवजी आयपीच लिहा.

डीकेआयएम तुटण्याची कारणं दोन. २०४८ बिटांची किल्ली टीएक्सटी नोंदीच्या २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, ती तुकडे करून घालावी लागते. काही पॅनेल मुकाट्याने शेपूट कापतात. दुसरं, सही झाल्यावर मजकुराला कुणी हात लावला तर. 'हा मेल गोपनीय आहे' वगैरे तळटीप चिकटवणारा गेटवे सही करणाऱ्या मशीनच्या पुढे बसवला असेल तर प्रत्येक सही मोडणार. तळटीप आधी, सही शेवटी.

डीमार्कमध्ये सही नुसती वैध असून भागत नाही, सहीतलं किंवा एसपीएफमधलं डोमेन 'फ्रॉम' मध्ये दिसणाऱ्या डोमेनशी जुळावं लागतं. वेतनपत्रिका पाठवणारी बाहेरची सेवा स्वतःच्या डोमेनने सही करते आणि 'फ्रॉम' मध्ये तुमचं नाव घालते, तिथे हे अडतं. धोरण 'नन' (काहीच करू नका) वर ठेवून अहवाल मागवा, कोण कोण तुमच्या नावाने पाठवतं ते दोनेक आठवडे पाहा, मगच 'क्वारंटाइन' (बाजूला ठेवा) किंवा 'रिजेक्ट' (नाकारा) कडे जा.

५. नेमसर्व्हरांचं आपसात पटतं का

नोंदी बरोबर दिसतात, तरी कधी पास, कधी नापास? डोमेनच्या प्रत्येक नेमसर्व्हरला स्वतंत्रपणे विचारा आणि एसओए नोंदीतला (डोमेनच्या प्रतीची आवृत्ती सांगणारा) अनुक्रमांक जुळतो का पाहा. दोनपैकी एक जुन्याच प्रतीवर अडकला असेल तर विचारणाऱ्याच्या नशिबावर उत्तर ठरतं.

फायरवॉलवर ५३ पोर्टचं (डीएनएसचं) टीसीपी बंद केलेलं असणं हाही जुना रोग. डीएनएस फक्त यूडीपी या हलक्या वाहतुकीवर चालतं हा समज अजून जात नाही. उत्तर मोठं झालं, आणि डीकेआयएमच्या लांब किल्लीने ते होऊ शकतं, की सर्व्हर 'टीसीपीवर ये' म्हणतो आणि तिथे दार बंद. दोन्ही उघडी ठेवा. डीएनएससेक (डीएनएस नोंदींवरच्या सह्या) लावलं असेल तर सह्यांची मुदत पाहा. ती उलटली की पडताळणी करणाऱ्या रिझॉल्व्हरांपुरतं (डीएनएस विचारून देणाऱ्या सर्व्हरांपुरतं) तुमचं डोमेन गायब होतं, बाकीच्यांना दिसत राहतं.

६. काळ्या याद्या

संशयित आयपींच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या स्वतःच्या पानावर आयपी तपासा. नाव यादीत आहे एवढं कळून उपयोग नाही, कोणत्या यादीत ते पाहा. पीबीएल म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे. 'या टप्प्यातून थेट मेल येणं अपेक्षित नाही' एवढंच ती सांगते. स्थिर आयपी नव्याने घेतला असेल आणि उलट नोंद नीट असेल तर तो तिथून काढून घेता येतो. एक्सबीएल मात्र संसर्गाची खूण आहे. तिथे बहुधा मेल सर्व्हर निर्दोष असतो आणि त्याच आयपीमागे बसलेला हिशेबनिसाचा पीसी रात्रभर २५ पोर्टवर कचरा फेकत असतो. राउटरवर मेल सर्व्हर सोडून बाकी सगळ्यांना बाहेरचं २५ पोर्ट बंद करा, तो नियम लॉग करा, आकडा वाढवणारी मशीन शोधा, आणि मगच नाव काढण्याची विनंती करा. आधी विनंती केलीत तर नाव परत चढतं, आणि दरवेळी उतरवणं अवघड होत जातं.

सर्व्हरच्या रांगेत अनोळखी पत्त्यांकडे जाणारे शेकडो मेल दिसले तर एखाद्याचा पासवर्ड फुटला आहे. लॉगमध्ये लॉगिन केलेल्या खात्याचं नाव असतं. ते खातं आधी बंद, पासवर्ड नंतर.

उलट दिशेची चूकही इथेच येते: तुमच्याकडे येणारे सगळेच मेल अचानक नाकारले जाऊ लागले. स्पॅमहाउसची मोफत चौकशी ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत केली तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं. ते 'चौकशीची पद्धत चुकली' असं सांगणारं उत्तर आहे, पण कोणतंही उत्तर म्हणजे गुन्हेगार असं मानणारी सेटिंग साऱ्या जगाला नाकारते. मेल सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्व्हर चालवा आणि नेमक्या कोणत्या उत्तरांवर नाकारायचं ते लिहून द्या. सेटिंगमध्ये सॉर्ब्स अजून असेल तर काढून टाका. ती यादी जून २०२४ मध्ये बंद झाली.

७. लहान मेल जातो, मोठा अडकतो

इथून पुढे राउटरवर हात लागणार, म्हणून आधी सध्याच्या सेटिंगची प्रत काढून ठेवा.

इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटांचं असतं. पीपीपीओईच्या (ब्रॉडबँडवरच्या लॉगिन जोडणीच्या) लिंकवर ८ बाइट वेष्टनात जातात, उरतात १४९२. जीआरई बोगदा (पॅकेटला आणखी वेष्टन घालून नेणारी जोडणी) असेल तर १४७६. सर्व्हरला हे माहीत नसतं. तो 'तुकडे करू नका' अशी खूण लावून १५०० चं पॅकेट सोडतो. राउटरने ते टाकून 'एवढं मोठं जात नाही' असा आयसीएमपी निरोप, म्हणजे प्रकार ३, संकेत ४, परत द्यायचा असतो. सुरक्षिततेच्या नावाखाली कुणीतरी सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं, निरोप पोचत नाही, आणि सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. ओळखपाळखीची छोटी वाक्यं पार पडतात, मजकूर सुरू झाला की सगळं ठप्प. लॉगमध्ये 'मजकूर पाठवताना वेळ संपली' अशा अर्थाची ओळ दिसते.

तपासणी सोपी. तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४७२ बाइटांचा पिंग करा. विंडोजवर 'उणे एफ' आणि 'उणे एल', लिनक्सवर 'उणे एम डू' आणि 'उणे एस'. १४७२ मध्ये २८ बाइटांची शीर्षकं मिळवली की १५०० होतात. काहीच उत्तर नाही आणि १४६४ ला उत्तर येतं, तर वाट १४९२ ची आहे आणि निरोप गिळला जातो आहे. 'तुकडे करावे लागतील' असं स्पष्ट उत्तर आलं तर यंत्रणा शाबूत आहे, दुसरीकडे शोधा. मोठ्या पिंगला मुळातच उत्तर न देणारे सर्व्हर असतात, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी करून पाहा.

खरा इलाज आयसीएमपीचा तो प्रकार उघडणं. आयपीव्ही६ वर तर ते बंद करायचंच नाही, कारण तिथे वाटेतला राउटर तुकडे करूच शकत नाही. आयपीव्ही४ वर जोडीला राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराचं कमाल माप) १४५२ वर आवळा, म्हणजे १४९२ वजा ४०.

हा आवळण्याचा नियम अर्धाच लिहिलेला फार ठिकाणी सापडतो. बाहेर जाणाऱ्या पहिल्या पॅकेटमधला एमएसएस आवळला तर समोरून तुमच्याकडे येणारी पॅकेटं लहान होतात. म्हणून ब्राउझिंग, डाउनलोड झकास. तुमच्याकडून जाणाऱ्या पॅकेटांचं माप मात्र समोरून आलेल्या उत्तरातल्या एमएसएसवर ठरतं. नियम फक्त बाहेरच्या दिशेला लावला असेल तर ते माप १४६० च राहतं आणि मेलची जोडपत्रं अडकतात. "नेट तर चालू आहे की" हे उत्तर म्हणूनच इथे फसवं आहे. नियम दोन्ही दिशांना लावा.

एकच मेल तीन वेळा मिळण्याचं कारण याच्या शेजारचं. समोरच्याने पूर्ण मेल घेतलेला असतो, पण त्याची शेवटची पोच, म्हणजे २५०, तुमच्यापर्यंत येत नाही. विषाणू तपासणीमुळे ती यायला काही मिनिटं लागू शकतात. मानक तिच्यासाठी १० मिनिटं थांबायला सांगतं. मधल्या फायरवॉलचा निष्क्रिय जोडणी तोडण्याचा काळ याहून कमी असेल तर जोडणी तुटते, आणि तुमचा सर्व्हर प्रामाणिकपणे तोच मेल पुन्हा पाठवतो. तो काळ २५ पोर्टपुरता वाढवा.

फायरवॉलचा आणखी एक ताप: जोडणीच्या सुरुवातीला येणारं २२० चं वाक्य ताऱ्यांच्या माळेने झाकलेलं दिसलं, किंवा एन्क्रिप्शन सुरू करण्याचा पर्यायच यादीतून गायब झाला, तर मध्ये 'एसएमटीपी तपासणी' चालू आहे. बंद करा.

८. ठरावीक जाळ्यांकडेच जोडणी होत नाही

स्वतःचा एएस क्रमांक (इंटरनेटवरची जाळ्याची ओळख) आणि आयपी टप्पा असणाऱ्या पुरवठादारांनीच हे वाचावं.

सर्व्हरवर पॅकेट पकडून पाहा: जोडणीचं पहिलं पॅकेट बाहेर जातं आणि उत्तर येत नाही, एवढं नक्की करा. मग त्याच टप्प्यातल्या दुसऱ्या आयपीवरून आणि एका परक्या जोडणीवरून तेच करून पाहा. दुसऱ्या आयपीवरून जात असेल तर अडचण त्या एका आयपीची, म्हणजे बंदीची. पूर्ण टप्प्यावरून जात नसेल आणि परक्या जोडणीवरून जात असेल तर राउटिंग. ट्रेसराउट २५ पोर्टवर टीसीपीने करा, साधा नको. तो फक्त जाण्याची वाट दाखवतो हेही लक्षात असू द्या. परतीची वाट दुसरीच असते आणि दोष बहुधा तिथेच निघतो. ती पाहायला समोरच्या जाळ्याजवळचं लुकिंग ग्लास (त्या जाळ्यातून वाट दाखवणारं पान) वापरा.

नंतर राइपस्टॅट या राउटिंग माहितीच्या संकेतस्थळावर तुमचा टप्पा टाका आणि आरपीकेआयची, म्हणजे टप्पा जाहीर करण्याच्या हक्काच्या पडताळणीची, स्थिती पाहा. समजा तुमच्याकडे /२२ (१०२४ पत्ते) आहे आणि त्याचा आरओए (कोणता एएस तो टप्पा जाहीर करू शकतो याचा दाखला) कमाल लांबी /२२ ठेवून केलेला आहे. नवा अपलिंक (वरच्या पुरवठादाराची जोडणी) घेतला, भार वाटण्यासाठी त्यावर /२४ जाहीर केले. ते /२४ लगेच 'अवैध' ठरतात. पडताळणी करणारी जाळी ते टाकतात, न करणारी घेतात. म्हणून ठरावीक ठिकाणीच अंधार. इलाज म्हणजे जे /२४ खरोखर जाहीर करता त्यांचेच आरओए करणं. कमाल लांबी सरसकट /२४ करून मोकळं होण्याचा मोह टाळा, त्याने जाहीर न केलेल्या तुकड्यांची चोरी सोपी होते. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या /२२ मधला एक /२४ जाहीर केला आणि देशापुरती बंदी घालण्याच्या प्रयत्नात जगभरची वाहतूक ओढून घेतली. अधिक नेमका टप्पा नेहमी जिंकतो, चोराचाही.

आयआरआरमध्ये (राउटिंगच्या सार्वजनिक नोंदवहीत) राउट नोंद नसणं हे याचंच भावंड. नवा अपलिंक नोंदींवरून गाळणी बनवत असेल तर तुमचा टप्पा तो पुढे देतच नाही. एक लिंक पडेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही.

कुठे थांबायचं

बीजीपीच्या (जाळ्यांनी एकमेकांना वाटा सांगण्याच्या पद्धतीच्या) गाळण्या आणि जाहिराती चालू राउटरवर दुरून बदलू नका. राउटरपर्यंत पोचायला दुसरी वाट, साधी ४जी डोंगलवरची कन्सोल का होईना, नसेल तर जाणकार माणूस जागेवर येईपर्यंत थांबा. चुकीची जाहिरात तुमच्या खोलीत राहत नाही.

आउटलुककडून एस३१४० किंवा एस३१५० असा संकेत आला तर शेजारच्या आयपींसकट तुमच्या जाळ्याच्या तुकड्यावर बंदी आहे. सर्व्हरवर काहीही करून ती उठत नाही. पुरवठादाराला पुढे करा, किंवा आयपी बदलून मागा. क्लाउडमधल्या मशीनवरून २५ पोर्टच बंद असेल, जसं अमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर मुळात असतं, तर तिथेही खटपट व्यर्थ. अर्ज करा किंवा रिले घ्या.

सर्व्हरमध्येच कुणी शिरल्याची खूण दिसली, अनोळखी प्रक्रिया, बदललेल्या फाइली, तर दुरुस्ती सुरू करू नका. मशीन जाळ्यापासून तोडा, बंद करू नका, लॉग जपा आणि सुरक्षेचं काम करणाऱ्याला बोलवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. घाईने नवं विंडोज किंवा लिनक्स चढवणारा माणूस पुरावाच पुसतो.

पुरवठादाराच्या एनओसीला (जाळं सांभाळणाऱ्या कक्षाला) लिहाल तेव्हा पहिल्याच पत्रात द्या: पाठवणारा आणि घेणारा आयपी, वेळ सेकंदांसह आणि भारतीय प्रमाणवेळ असं स्पष्ट लिहून, परत आलेल्या मेलची पूर्ण ओळ, टीसीपी ट्रेसराउट, आणि लिंकचा सर्किट क्रमांक. 'मेल जात नाही' एवढंच लिहिलं तर उत्तरात राउटर बंद-चालू करायला सांगतात. आणि ते पत्र अर्थातच दुसऱ्या डोमेनवरून पाठवा.